फाइल समोर आहे, ॲपला दिसत नाही

या वेळच्या पत्रांत लिनक्सवरच्या फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज (कोणत्याही वितरणावर ॲप चालवण्याचे तीन प्रकार) या पॅकेजांबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुम्हाला दिसते ती फाइलव्यवस्था सँडबॉक्समधल्या, म्हणजे बंदिस्त कप्प्यात चालणाऱ्या, ॲपला दिसत नाही. अशा वेळी ‘सगळ्या परवानग्या देऊन टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तो देणार नाही. नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधायचं आणि तेवढंच दार उघडायचं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. ‘<आयडी>’ असं लिहिलंय तिथे ‘फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप’ मध्ये दिसणारी तुमच्या ॲपची आयडी टाकायची.

प्रश्न : व्हिडिओ प्लेअर फ्लॅटपॅकमधून घेतला आहे. दुसऱ्या ड्राइव्हवरची, म्हणजे /एमएनटी/डेटा मधली फाइल मेनूतून निवडली की चालते, पण शेजारीच असलेली सबटायटलची फाइल उचलली जात नाही. टर्मिनलमधून पूर्ण पाथ दिला तर ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. सीएचमॉड ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क) करूनही फरक नाही.

उत्तर : सीएचमॉडने फरक पडणार नाही, आणि ते ७७७ आधी मागे घ्या. फाइल वाचायची परवानगी आहे की नाही, हा प्रश्न फाइल दिसल्यानंतर येतो. इथे ती ॲपला दिसतच नाही. फ्लॅटपॅक प्रत्येक ॲपला बबलरॅप नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे फोल्डरांच्या वेगळ्या मांडणीत, चालवतं. त्यात जे फोल्डर जोडलेले नाहीत ते ॲपच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. म्हणून ‘परवानगी नाही’ असं न म्हणता ‘फाइल नाही’ म्हणतं. या दोन संदेशांतला फरक लक्षात ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं.

मग मेनूतून फाइल कशी उघडली? ती निवडण्याची खिडकी ॲपची नसते. पोर्टल नावाची, सँडबॉक्सबाहेर चालणारी सेवा ती दाखवते. तुम्ही फाइल निवडली की पोर्टल तेवढी एकच फाइल आत पोचवतं. प्लेअरमध्ये फाइलची माहिती उघडून पाथ पाहा: /रन/यूजर/१०००/डॉक/ आणि पुढे आठ अक्षरांचं निरर्थक वाटणारं नाव दिसेल. त्या फोल्डरमध्ये तुमचा व्हिडिओ सोडून काहीही नाही. सबटायटल सापडणार कुठून? वेबपेज उघडलं पण चित्रं आली नाहीत, दस्तऐवजातल्या जोडलेल्या फाइली तुटल्या, ऑडिओच्या प्रकल्पातले आवाज ‘हरवले’, या सगळ्यांचं कारण हेच.

उपाय म्हणजे त्या फोल्डरची फक्त वाचण्याची मुभा द्या:

फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --फाइलसिस्टिम=/एमएनटी/डेटा:आरओ <आयडी>

शेवटच्या ‘:आरओ’ मुळे प्लेअर तिथे काही लिहू किंवा पुसू शकत नाही. प्लेअरला लिहायचं कारणही नाही. यानंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण माउंट ॲप सुरू होताना एकदाच ठरतात. खिडकी बंद केली तरी काही ॲप मागे चालू राहतात. ‘फ्लॅटपॅक पीएस’ मध्ये नाव दिसत असेल तर ‘फ्लॅटपॅक किल <आयडी>’ द्या. आता टर्मिनलमधून पूर्ण पाथ दिला की ॲपला फाइल आणि शेजारची सबटायटल दोन्ही सापडतील, कारण त्याला तिथे थेट प्रवेश आहे.

यात तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली: काढता-घालता येणारे ड्राइव्ह उबुंटू आणि डेबियनवर /मीडिया खाली, तर फेडोरावर /रन/मीडिया खाली जोडले जातात. पाथ अंदाजाने न लिहिता ‘फाइंडएमएनटी’ ने बघून घ्या. ॲप सुरू होताना तो पाथ नसेल तर फ्लॅटपॅक त्याच्याकडे निमूट दुर्लक्ष करतं, म्हणून आधी ड्राइव्ह आणि मग ॲप. दुसरी: शेवटी आयडी लिहायची राहिली तर ती परवानगी तुमच्या सगळ्या फ्लॅटपॅक ॲपना लागू होते. तिसरी: होमची परवानगी आहे, पण होममधला एखादा फोल्डर म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्या ड्राइव्हकडे नेणारी सिमलिंक (दुसरा पाथ दाखवणारी खूण) आहे. ॲपला लिंक दिसते, लिंकचं टोक दिसत नाही. ‘रिअलपाथ’ ने टोक शोधा आणि त्याची परवानगी द्या.

प्रश्न : ‘फाइलसिस्टिम=होस्ट’ दिलं की सगळं दिसतं असं वाचलं होतं. तरी /टीएमपी मधली फाइल ॲपला सापडत नाही.

उत्तर : ‘होस्ट’ म्हणजे सगळं नव्हे. /यूएसआर, /ईटीसी, /व्हार, /टीएमपी, /बूट, /रूट हे त्यात येत नाहीत. /यूएसआर आणि /ईटीसी च्या जागी रनटाइमचे (ॲपना लागणाऱ्या सामायिक लायब्ररींच्या संचाचे) स्वतःचे फोल्डर असतात, आणि /टीएमपी प्रत्येक ॲपला वेगळा मिळतो. एका ॲपने /टीएमपी मध्ये ठेवलेली फाइल दुसऱ्याला दिसत नाही ती यामुळे. स्नॅपमध्येही असंच आहे. देवाणघेवाणीसाठी डाउनलोड्समध्येच एक फोल्डर करा आणि ‘--फाइलसिस्टिम=एक्सडीजी-डाउनलोड’ द्या.

‘होस्ट’ किंवा नुसतं ‘होम’ लिहिण्याच्या हक्कासह देताना मात्र एकदा थांबा. अशा ॲपला तुमच्या .बॅशआरसी मध्ये (टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) एक ओळ घालता येते. पुढच्या वेळी तुम्ही टर्मिनल उघडलं की ती ओळ सँडबॉक्सबाहेर, तुमच्या पूर्ण अधिकारांनिशी चालते. मग सँडबॉक्स नावापुरताच उरला.

प्रश्न : सिस्टिम अपडेट केल्यापासून फ्लॅटपॅकमधले थ्रीडी ॲप रखडत चालतात, एक तर उघडतच नाही. बाकी सगळं नीट आहे. एनव्हिडियाचं कार्ड आहे.

उत्तर : एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात: कर्नलमधलं मॉड्यूल आणि ॲप वापरतं ती लायब्ररी. दोन्हींची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तीच लागते. मॉड्यूल तुमच्या सिस्टिमचं असतं. पण सँडबॉक्समधल्या ॲपला सिस्टिमची लायब्ररी दिसत नाही, त्याच्यासाठी ती वेगळ्या फ्लॅटपॅक एक्स्टेन्शनमधून, म्हणजे जोड-पॅकेजमधून, येते. सिस्टिम पुढे गेली आणि एक्स्टेन्शन मागे राहिलं की ॲप ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरवर ढकलतं किंवा बंद पडतं.

तपासायला ‘कॅट /सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया/व्हर्जन’ चालवा. समजा ५५०.१२० आलं, तर ‘फ्लॅटपॅक लिस्ट --रनटाइम’ मध्ये नावाच्या शेवटी ‘एनव्हिडिया-५५०-१२०’ असलेली ओळ हवी. नसेल तर ‘फ्लॅटपॅक अपडेट’. इथे क्रम महत्त्वाचा आहे: सिस्टिम अपडेट, मग रीस्टार्ट, मग फ्लॅटपॅक अपडेट. रीस्टार्ट केलं नाही तर जुनंच मॉड्यूल चालू असतं, आणि फ्लॅटपॅक त्याच आवृत्तीला जुळणारं एक्स्टेन्शन शोधतं. ड्रायव्हर अगदी ताजा असेल तर फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक ॲपच्या ऑनलाइन भांडारावर) त्याचं एक्स्टेन्शन अजून आलेलं नसण्याची शक्यता असते. मग ते येईपर्यंत आधीच्या ड्रायव्हरवर राहणं बरं.

इंटेल आणि एएमडीच्या कार्डांना ही अडचण येत नाही. त्यांची मेसा लायब्ररी कर्नलच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेली नसते.

प्रश्न : अपडेट करताना ‘हा रनटाइम एंड ऑफ लाइफ आहे’ असा इशारा येतो. तो काढून टाकला तर ॲप बंद पडेल का? शिवाय रनटाइमनी डिस्क भरत चालली आहे.

उत्तर : हो, बंद पडेल. फ्लॅटपॅक ॲप आपल्या लायब्ररींचा मोठा भाग स्वतःबरोबर आणत नाही, तो रनटाइममधून घेतं. फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम दर वर्षी ऑगस्टमध्ये निघतो, म्हणून नावं २२.०८, २३.०८, २४.०८ अशी असतात, आणि प्रत्येकाला साधारण दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. नोम डेस्कटॉपचा रनटाइम सहा महिन्यांनी येतो आणि वर्षभर टिकतो. मुदत संपली म्हणून ॲप थांबत नाही. त्या लायब्ररींना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं तेवढं थांबतं. हे तुम्हाला तुमच्या बाजूने दुरुस्त करता येत नाही, ॲपच्या देखभालकर्त्याने ते नव्या रनटाइमवर बांधून द्यावं लागतं. ‘फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप --कॉलम्स=ॲप्लिकेशन,रनटाइम’ ने कोणतं ॲप जुन्यावर अडलंय ते कळेल. इंटरनेटवरून आलेल्या फाइली उघडणारं ॲप असेल तर पर्याय शोधा. ‘फ्लॅटपॅक रन --रनटाइम-व्हर्जन=२४.०८ <आयडी>’ असं नव्यावर चालवून बघता येतं, पण एखादी लायब्ररी तिथे नसली की ते सुरू होतानाच कोसळेल. चाचणी म्हणून ठीक, रोजच्या वापराला नको.

जागेसाठी ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’. त्याने काही हललं नाही तर ‘फ्लॅटपॅक पिन’ पाहा. तुम्ही कधी हाताने एखादा रनटाइम इन्स्टॉल केला असेल तर तो पिन होतो आणि वापरात नसला तरी साफसफाईत जात नाही. यादीतल्या आकारांची बेरीज करून मात्र घाबरू नका. सारखी असलेली फाइल डिस्कवर एकदाच ठेवली जाते, बाकीच्या ठिकाणी हार्डलिंक (त्याच फाइलची दुसरी नावं) असतात. खरा आकडा ‘डीयू -एसएच /व्हार/लिब/फ्लॅटपॅक’ देईल.

प्रश्न : कोड एडिटर फ्लॅटपॅकमधून घेतला. सिस्टिमवर नोड आणि जीसीसी दोन्ही आहेत, पण एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये नोड ‘सापडत नाही’, आणि जीसीसीची आवृत्ती भलतीच दिसते.

उत्तर : त्या आतल्या टर्मिनलमध्ये ‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’ चालवून बघा. तुमच्या वितरणाऐवजी फ्रीडेस्कटॉपचं नाव येईल. तुम्ही बसलाय तुमच्या सिस्टिमवर, पण तो टर्मिनल रनटाइमच्या आत बसलाय. तिथला /यूएसआर वेगळा, त्यातलं जीसीसी रनटाइमचं, आणि नोड त्यात नाहीच.

काही जण ‘होस्ट-ओएस’ ची परवानगी देऊन /रन/होस्ट/यूएसआर/बिन मधला नोड थेट चालवायला जातात. प्रोग्रॅम सापडतो, पण लायब्ररी रनटाइमच्या /यूएसआर मध्ये शोधतो. आवृत्त्या जुळत नाहीत आणि जीलिबसीची (सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीची) चूक येते. कधी चुकून चाललाच तर रनटाइमच्या पुढच्या अपडेटला पडेल. या वाटेला जाऊ नका.

बरोबर वाटा दोन. पहिली, एसडीके (ॲप बनवण्याच्या साधनांचा संच) एक्स्टेन्शन: नोडसाठी ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.एसडीके.एक्स्टेन्शन.नोड२०’, जावासाठी ‘ओपनजेडीके१७’ वगैरे. इन्स्टॉल करताना फ्लॅटपॅक कोणती शाखा हवी ते विचारतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ‘फ्लॅटपॅक इन्फो <आयडी>’ मध्ये एडिटरच्या एसडीकेपुढे जो आकडा आहे, उदाहरणार्थ २३.०८, तीच शाखा घ्यायची. वेगळी घेतली तर एक्स्टेन्शन डिस्कवर पडून राहतं, एडिटरला जोडलंच जात नाही, आणि चुकीचा संदेशही येत नाही. मग ते चालू करायचं:

फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --एन्व्ह=फ्लॅटपॅक_इनेबल_एसडीके_ईएक्सटी=नोड२० <आयडी>

‘एन्व्ह=’ नंतरचं व्हेरिएबलचं नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत, शेवटचा शब्द ‘ईएक्सटी’ एवढाच; ‘नोड२०’ लहान अक्षरांत. एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये स्वल्पविराम, मोकळी जागा नाही. एडिटर पुढच्या रनटाइमवर गेला की एक्स्टेन्शनही त्या शाखेचं घ्यावं लागतं. ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

दुसरी वाट म्हणजे ‘फ्लॅटपॅक-स्पॉन --होस्ट नोड’. ती कमांड सँडबॉक्सबाहेर, तुमच्या सिस्टिमवर चालते. त्यासाठी एडिटरला ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फ्लॅटपॅक’ या डी-बस (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याची सोय) नावाशी बोलण्याचा हक्क लागतो, आणि तो हक्क मिळाला की एडिटर तुमच्या सिस्टिमवर काहीही चालवू शकतो. कोड एडिटरसारख्या ॲपला फ्लॅटपॅकमधून घेऊन फारसं काही साधत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं काम म्हणजे कंपायलर, डीबगर, गिट, कंटेनर यांना हाका मारणं, आणि सँडबॉक्स नेमकं तेच अडवतो. तो वितरणाच्या नेहमीच्या पॅकेजमधून घ्या. ऑडिओच्या प्लगइनांचा किंवा गिंपच्या प्लगइनांचा प्रश्न मात्र एवढा अवघड नाही. त्यांची एक्स्टेन्शनं फ्लॅटहबवर मिळतात. सिस्टिमच्या पॅकेजमधून आलेले प्लगइन आत दिसणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : स्नॅपमधलं ॲप होममधल्या फाइली उघडतं, पण टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमधल्या उघडत नाही. पेन ड्राइव्हही दिसत नाही.

उत्तर : स्नॅपमध्ये ‘होम’ इंटरफेस होमच्या पहिल्या पातळीवरचे लपलेले फोल्डर मुद्दाम वगळतो, कारण किल्ल्या आणि पासवर्ड बहुधा तिथेच असतात. फाइली टिंब नसलेल्या फोल्डरमध्ये हलवणं हाच साधा मार्ग. सिमलिंक करून फसवता येत नाही, ॲपआर्मर (प्रोग्रॅमांवर निर्बंध घालणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) खरा पाथ तपासतो.

पेन ड्राइव्हसाठी ‘रिमूव्हेबल-मीडिया’ इंटरफेस आहे. त्यात /मीडिया, /रन/मीडिया आणि /एमएनटी येतात, आणि तो सहसा आपोआप जोडला जात नाही. ‘स्नॅप कनेक्शन्स <नाव>’ मध्ये त्याच्यासमोर रेघ दिसली तर ‘सुडो स्नॅप कनेक्ट <नाव>:रिमूव्हेबल-मीडिया’. तो यादीतच नसेल तर इलाज नाही. फ्लॅटपॅकमध्ये तुम्ही हवा तो पाथ जोडू शकता, स्नॅपमध्ये पॅकेज बनवणाऱ्याने जे प्लग जाहीर केलेत तेवढेच तुमच्या हातात असतात. अडवलं कोणी याची खात्री करायला ‘सुडो जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘डिनाइड’ शोधा. त्या ओळीत ‘प्रोफाइल’ पुढे स्नॅपचं नाव आणि ‘नेम’ पुढे अडवलेला पाथ असतो. अशी ओळ नसेल तर दोष दुसरीकडे आहे.

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर एक ॲपइमेज ‘लिबफ्यूज.एसओ.२’ ही तिला लागणारी लायब्ररी नाही म्हणून थांबली. ते घातलं तर आता सँडबॉक्सची चूक येते. ‘--नो-सँडबॉक्स’ लावून चालवू का?

उत्तर : नको. पहिली अडचण तुम्ही सोडवलीत. इतरांसाठी: पॅकेजचं नाव २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’ आणि २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज घालू नका. ते फ्यूज३ ला हटवतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भागही निघून जाऊ शकतात. काहीच घालायचं नसेल तर ॲपइमेजपुढे ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ लावा.

दुसऱ्या अडचणीत एक गैरसमज आहे. ॲपइमेज स्वतः कसलाही सँडबॉक्स देत नाही. चुकीत उल्लेख आहे तो ॲपमधल्या क्रोमियम इंजिनाच्या सँडबॉक्सचा, जो वेबमजकुराला वेगळं ठेवतो. त्याला यूजर नेमस्पेस (प्रोसेस वेगळी ठेवण्याची कर्नलची सोय) लागतात, आणि उबुंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रॅमना ते वापरू देत नाही. ‘--नो-सँडबॉक्स’ ने तुम्ही हे आतलं संरक्षण काढून टाकता, आणि बाहेरचं तर नव्हतंच. त्याऐवजी /ईटीसी/ॲपआर्मर.डी मध्ये त्या ॲपइमेजसाठी छोटी प्रोफाइल करा: पूर्ण पाथ, ‘फ्लॅग्स=(अनकन्फाइन्ड)’ आणि आत ‘यूजरएनएस,’ ही एक ओळ, स्वल्पविरामासकट. मग ‘सुडो ॲपआर्मर_पार्सर -आर’ पुढे त्या प्रोफाइल फाइलचा पाथ. प्रोफाइल पाथवर चालते, म्हणून ॲपइमेजच्या नावातून आवृत्तीचा आकडा काढा. नाहीतर प्रत्येक नव्या डाउनलोडला प्रोफाइल निकामी होईल.

प्रश्न : डेस्कटॉपसाठी स्वे हा खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम वापरतो. फ्लॅटपॅक ॲप उघडायला जवळपास अर्धा मिनिट घेतात आणि फाइल निवडण्याची खिडकी येतच नाही.

उत्तर : २५ सेकंद मोजून पाहा. डी-बसवर उत्तराची वाट पाहण्याची नेहमीची मर्यादा तेवढीच आहे. ॲप पोर्टलला विचारतंय आणि पलीकडे कोणी नाही. स्वेसाठी घालतात ते ‘डब्ल्यूएलआर’ पोर्टल स्क्रीन दाखवण्याचं काम करतं, फाइल निवडण्याचं नाही. त्यासाठी ‘एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके’ सुद्धा लागतं. तसंच स्वेच्या कॉन्फिगमध्ये ‘डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट --सिस्टिमडी’ पुढे वेलँड_डिस्प्ले आणि एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप ही दोन नावं कॅपिटलमध्ये देऊन ओळ घाला. नाहीतर पोर्टल सुरू होतं, पण कोणत्या डेस्कटॉपवर आहोत हे त्याला कळत नाही.

प्रश्न : वैतागून एका ॲपला सगळ्या परवानग्या दिल्या होत्या. आता ‘रीसेट’ केलं तरी त्या दिसतात.

उत्तर : तेव्हा कमांड सुडोने, ‘--यूजर’ शिवाय दिली असणार. ओव्हरराइड दोन ठिकाणी साठतात: तुमचे ~/.लोकल/शेअर/फ्लॅटपॅक/ओव्हरराइड्स मध्ये, सिस्टिमचे /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/ओव्हरराइड्स मध्ये. साध्या मजकुराच्या फाइली आहेत, उघडून वाचता येतात. तिथे ‘ग्लोबल’ नावाची फाइल असेल तर ती आयडी विसरून दिलेल्या कमांडची. ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --रीसेट <आयडी>’ एकदा, आणि ‘--यूजर’ काढून सुडोसह पुन्हा एकदा. कॅमेरा, लोकेशन यांना पोर्टलमधून दिलेला होकार याने जात नाही. त्याला ‘फ्लॅटपॅक परमिशन-रीसेट <आयडी>’ लागतं. शेवटी ‘फ्लॅटपॅक इन्फो --शो-परमिशन्स <आयडी>’ पाहा. तरीही ‘होम’ किंवा ‘होस्ट’ दिसत असेल तर ते पॅकेज बनवणाऱ्यानेच दिलेलं आहे, आणि ‘--नोफाइलसिस्टिम=होम’ किंवा ‘--नोफाइलसिस्टिम=होस्ट’, जे दिसेल ते, लावून तुम्ही ते काढू शकता.